डंकावरचा सर्व्हर

माझ्या नणंदेच्या यजमानांइतका इंटरनेटवर अविश्वास असलेला माणूस उभ्या मुंबईत सापडायचा नाही, आणि तरीही आमच्या ओळखीतल्या संस्थांचं इंटरनेट चालवतात ते एकटे तेच. चालवतात म्हणजे कुठल्या चकचकीत हापिसात बसून नव्हे. लालबागला मसाल्याच्या दुकानांच्या ओळीत त्यांच्या घरचा जुना डंक आहे. खाली लोखंडी मुसळं धाडधाड वर-खाली होत लोकांच्या वर्षाच्या मिरच्या कुटत असतात, आणि वर, अरुंद जिना चढून गेलं की पोटमाळ्यावर मलमलीच्या फडक्यात तोंड बांधलेला एक सर्व्हर बसलेला असतो. फडकं एवढ्यासाठी की मिरचीची धूळ आत गेली तर पंखा अडकतो. आता फडकं बांधावं तर यंत्र तापतं, सोडावं तर मिरची लागते. या पेचातून भावोजींनी मार्ग काढला तो असा की दर तासाला स्वतः उठून फडकं झटकायचं आणि परत बांधायचं. ही सेवा गेली कित्येक वर्षं अखंड चालू आहे. बायकोच्या तापातही त्यांनी एवढ्या वेळा कपाळावरची पट्टी बदलली नव्हती, असं माझ्या नणंदेचं म्हणणं आहे.

भावोजी मूळचे डंकवाले नव्हेत. एका मोठ्या कंपनीच्या संगणक विभागात त्यांची उमेदीची वर्षं गेली. कंपनीने मुंबईबाहेर बिऱ्हाड हलवलं तेव्हा ते स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले. धाकटा भाऊ डंक बघत होताच. रिकाम्या माणसाला डंकावर दोनच कामं असतात, पोती उचलणं नाहीतर गिऱ्हाइकांशी गोड बोलणं, आणि या दोन्हींसाठी परमेश्वराने त्यांना घडवलेलं नाही. तेव्हा कंपनीने भंगारात काढलेलं एक यंत्र घेऊन ते पोटमाळ्यावर चढले आणि त्यांनी दुकानाची वेबसाइट केली. वेबसाइटवर बेडगी मिरच्यांच्या ढिगाचा एक फोटो आणि खाली ‘समोर बसून कुटून मिळेल’ एवढंच वाक्य. इथवर सगळं ठीक होतं. पण मग त्यांना एका विचाराने घेरलं. एका बाईच्या पाव किलो मिरच्यांसाठी कुणी अख्खा डंक चालू करतं का? मग एका वेबसाइटसाठी अख्खं यंत्र अडवून ठेवणं हे पाप नव्हे काय? हे पाप धुण्यासाठी त्यांनी आजूबाजूची गिऱ्हाइकं गोळा केली, आणि घरचीच म्हणून पहिली सापडले मी.

मी गिरगावातल्या एका वाचनालयाची चिटणीस आहे. आमच्या वाचनालयाला वेबसाइट असावी असं आमच्या एकाही वाचकाला वाटत नव्हतं, पण कार्यकारिणीला वाटत होतं. दुसऱ्या आल्या कांबळे बाई. या महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आणि वरळीला बीडीडी चाळीतल्या विहारात मुलांसाठी अभ्यासिका चालवतात. तिसरा पास्कल, ठाकूरद्वारजवळ राहणारा, लग्नांत वाजवणाऱ्या ब्रास बँडचा मालक आणि भावोजींचा शाळेपासूनचा दोस्त. वेबसाइटसाठी आयती सॉफ्टवेअरं मिळतात, आपण त्यात नुसता मजकूर आणि फोटो भरायचे, एवढं मलाही कळतं. शहाण्या माणसाने तिघांना एकच सॉफ्टवेअर दिलं असतं. भावोजींनी तिघांना तीन वेगवेगळी दिली, कारण त्यांच्या मते दर घरचा मसाला वेगळा. पास्कलला त्याचं म्हणून जे दिलं, ते तेव्हाच इतकं जुनं होतं की ते करणाऱ्यांनीही त्याची आशा सोडली होती.

एका यंत्रात अशी तीन-चार बिऱ्हाडं वसवायची म्हणजे काय उठाठेव असते ते भावोजींनी मला अनेकदा समजावून दिलं आहे, आणि मी अनेकदा मान डोलावली आहे. दार एकच असतं. बाहेरून येणारा ज्याचं नाव घेईल त्याच्या कपाटाशी त्याला न्यायचं. प्रत्येकाचं कपाट वेगळं, किल्ली वेगळी, हिशेब वेगळा. एकाच्या कपाटातलं दुसऱ्याच्या कपाटात गेलं की संपलं. हे सांगताना ते खाली डंकाकडे बोट दाखवत. मालवणी मसाल्यामागोमाग कुणाचं धणे-जिरं टाकलं तर त्या बाईने वर्षभर आमटीत मालवणच खायचं का, असं विचारत. पाकिटातला मसाला वापरणारी मी या प्रश्नाला काय उत्तर देणार? माझ्या स्वयंपाकघरातलं ते पाकीट एकदा त्यांनी पाहिलं होतं, आणि त्या दिवशी ते आमच्याकडे जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

पण या माणसाचा खरा विक्षिप्तपणा वेगळाच. डंकावरचा रिवाज असा, की बाई मिरच्या टाकून बाजारात जात नाही. नाकाला पदर लावून ती आपल्या मिरच्यांसमोर बसते आणि आपल्या डोळ्यांदेखत कुटून घेते. का, तर मन खातं. भावोजींनी हा रिवाज जसाच्या तसा पोटमाळ्यावर नेला. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, काही बदलायचं झालं, की ज्याची वेबसाइट त्याने समोर येऊन बसायचं. त्याशिवाय ते कळफलकाला हात लावत नाहीत. माझ्या माहितीत सगळं जग हे काम झोपेत करून घेतं. मी मात्र ऐन मे महिन्यात गिरगावातून बस पकडून लालबागला जाते, तो जिना चढते, सर्व्हरसमोरच्या लाकडी बाकावर बसते आणि पडद्यावर एक पांढरी रेघ डावीकडून उजवीकडे सरकताना पाहते. ती पूर्ण झाली की भावोजी विचारतात, “बघितलंत ना, वहिनी?” मी बघितलं म्हणते. मग मला सोडतात. एकदा मी म्हटलं, भावोजी, व्हिडिओ कॉलवर दाखवा ना. त्यांनी खालच्या बायकांकडे बोट दाखवून विचारलं, यांतली एक तरी फोनवर बसून कुटून घेतेय का? खरंच घेत नव्हती. मी गप्प बसले. माझ्यासारखीला गप्प करणं सोपं नाही, पण मिरचीच्या धुळीत तोंड उघडायचीही सोय नसते.

त्या बाकावर आमची तिघांची चांगलीच ओळख झाली. एरवी कांबळे बाई, पास्कल आणि मी एका बाकावर यायचं कारण नव्हतं. कांबळे बाई पाठ ताठ ठेवून बसत आणि पडद्यावरची रेघ जागची हलेनाशी झाली तर ती वर्गात उशिरा आल्यासारखं तिच्याकडे बघत. पास्कलला बसवत नसे. तो बोटांनी मांडीवर काहीतरी वाजवत राही. प्रत्येकाला भावोजी पत्र्याचा नंबराचा बिल्ला देत, खाली बायकांना देतात तसाच. पोटमाळ्यावर आम्ही तीन माणसं आणि तिघांना बिल्ले. नणंद चहा घेऊन जिन्यावर यायची आणि माझ्याकडे बघून कपाळाला हात लावायची. “वहिनी, तुझ्या माहेरचं कुणी शहाणं असेल तर त्यांना समजाव,” असं तिने मला कितीदा तरी सांगितलं. माझ्या माहेरची शहाणी माणसं म्हणजे मीच, आणि मी बिल्ला हातात घेऊन बाकावर बसलेली.

बँडच्या वेबसाइटवर लोकांना ऐकायला काहीतरी हवं म्हणून पास्कलच्या थोरल्या भावाचं वादन ध्वनिमुद्रित करायचं ठरलं, तेही याच पोटमाळ्यावर. हा भाऊ ट्रंपेट वाजवायचा. लग्न लागून, जेवणं होऊन, नवरी निघायच्या वेळी तो एकटा एक संथ चाल वाजवायचा. ती त्याचीच होती, कागदावर कुठे लिहिलेली नव्हती. ती वाजली की गिरगावातली भलीभली धीट माणसं चष्मे पुसायला लागत. त्या दिवशी भावोजींनी धाकट्या भावाला डंक बंद करायला लावला. ऐन हंगामात लालबागचा डंक बंद पडलेला मी तेव्हाच पाहिला. खाली बायका ओरडत होत्या, वर आम्ही नाकावर रुमाल दाबून श्वास रोखून उभे. पास्कलचा भाऊ वाजवत गेला, शेवटचा लांब सूर हळूहळू विरत आणला, आणि तो पुरता विरतो न विरतो तोच जिन्यावर चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली माझी नणंद फाडकन शिंकली. भावोजींचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेवढा तुकडा कापून टाकतो म्हणाले. पास्कलच्या भावाने ट्रंपेट खाली ठेवला आणि हसून म्हणाला, “ऱ्हाऊ दे रे. लग्नात पण शेवटी कोणतरी रडतंच ना.” तेव्हा शिंक राहिली. पुढच्या वर्षी तो गेला. त्या चालीचं तेवढं एकच ध्वनिमुद्रण, आणि ते पास्कलने स्वतःजवळ ठेवलेलं नव्हतं. घरात ठेवलं की हरवतं, याच्याकडे आहे म्हणजे आहे, असं तो भावोजींबद्दल म्हणायचा.

आता डंकाचा आणखी एक रिवाज सांगायला हवा, कारण माशी शिंकली ती तिथेच. एका बाईचं कुटून झालं की उखळ झाडून घेतात, आणि ते झाडलेलं पसाभर तिचंच असतं. ते फेकत नाहीत, दुसऱ्याच्या मसाल्यात ढकलत नाहीत, तिच्या डब्यात घालतात. भावोजींनी हाही रिवाज वर नेला. आमच्या वेबसाइटवरून जे काही काढलं जाई, जुना फोटो, चुकलेली सूचना, मागच्या वर्षीचं दिवाळी अंकांचं पान, ते त्यांनी कधी पुसलं नाही. ‘झाडलेलं’ नावाच्या एका कप्प्यात ते सगळं साठत गेलं. पुसा हो, मी म्हणायची. तुमचं आहे, मी कोण पुसणार, असं त्यांचं उत्तर. वाचनालयाच्या अध्यक्षांचे डोळे मिटलेले फोटोसुद्धा त्यांनी सांभाळून ठेवले होते. आमच्या अध्यक्षांचे डोळे उघडे असलेला फोटो दुर्मीळ असतो, तेव्हा हा साठा केवढा झाला असेल पाहा.

व्हायचं तेच झालं. मागच्या मे महिन्यात यंत्रातली जागा भरली. चारही वेबसाइट कण्हायला लागल्या. आणि नेमके आम्ही तिघंही मुंबईबाहेर. कांबळे बाई लेकीच्या बाळंतपणाला, पास्कल गोव्याला, मी कोल्हापूरला बहिणीकडे. समोर बसायला कुणी नाही, थांबायला वेळ नाही. भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला आणि एकट्याने घाणा घातला. त्यांनी काय केलं, तर चौघांचे फोटो आणि आवाज चार कपाटांतून काढून एकाच पिंपात ओतले आणि चारही सॉफ्टवेअरांना सांगितलं, बाबांनो, इथून घ्या. कपाटांमधल्या दुबार नकला गेल्या, जागा झाली. पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. डंकावरच्या बिल्ल्यांच्या सवयीने त्यांनी प्रत्येकाच्या फायलींना नावं दिलीच नव्हती, नंबर दिले होते, आणि प्रत्येकाचे नंबर एकपासून सुरू होत होते. पिंपात चार ‘एक नंबर’ आले, चार ‘दोन नंबर’ आले. जो शेवटी आला तो राहिला, आधीचे उडून ‘झाडलेलं’मध्ये जाऊन पडले, आणि तिथे कुणाचं काय याची खूणही राहिली नाही.

मी कोल्हापूरहून परतले तेव्हा फोन घणघणतच होता. आमच्या वेबसाइटवर ‘कार्यकारी मंडळ’ या मथळ्याखाली लाल कोट आणि सोनेरी झुपके लावलेले पास्कलचे बँडवाले उभे होते. एका ज्येष्ठ सभासदांनी कळवलं की मंडळात तरुण रक्त आलेलं पाहून समाधान वाटलं. बँडच्या पानावर आमच्या वाचनकक्षातली पाटी झळकत होती, ‘कृपया शांतता राखा’. तिथलं ऐकण्याचं बटण दाबलं की कांबळे बाई उत्तरपत्रिका कशी लिहावी ते सांगत. एका वधुपित्याने लग्नाची तारीख धरण्यापूर्वी ते दाबलं, तर बाई म्हणाल्या, आधी प्रश्न शांतपणे दोनदा वाचा, मगच उत्तराला हात घाला. त्याने खरोखरच दोनदा विचार केला आणि दुसरा बँड ठरवला. अभ्यासिकेच्या पानावर स्पर्धा परीक्षांच्या तयारीखाली बेडगी मिरच्यांचा ढीग होता, जो मला व्यक्तिशः योग्य वाटला. सगळ्यांत वाईट अवस्था डंकाच्या पानाची. तिथे आमच्या अध्यक्षांचा हार घातलेला फोटो होता आणि त्याखाली, ‘समोर बसून कुटून मिळेल’.

मी हसत हसतच लालबागला गेले. जिना चढले आणि हसू विरलं. पास्कल बाकावर बसला होता, आणि त्याची बोटं मांडीवर काही वाजवत नव्हती. महिन्यावर भावाच्या वर्षाची प्रार्थना आली होती. प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात सगळ्या बँडवाल्यांसमोर ती चाल लावायची असं त्याने ठरवलं होतं, भावाच्या बायकोला शब्द दिला होता. तो भावोजींवर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “तुझ्याकडे आहे म्हणून मी ठेवला नाय रे.” भावोजी सर्व्हरकडे तोंड करून उभे होते. फडकं हातातच होतं, बांधायचं राहून गेलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाले, “वहिनी, मी एकट्यानं कुटलंय. समोर कोण नसताना.” त्यांच्या घराण्याच्या डंकावर एखाद्याचा माल गहाळ झाल्याचं कुणी ऐकलेलं नव्हतं. मी टोमणा मारायच्या तयारीने आले होते. मी पास्कलशेजारी बाकावर जाऊन बसले.

इकडे आमच्या कार्यकारिणीला जे सुचायचं ते सुचलंच. तातडीची सभा झाली आणि तीत एका कंपनीचा टाय लावलेला माणूस आला. त्याने सांगितलं की आता आपलं सगळं ढगात ठेवतात, कुठे ते कुणालाच ठाऊक नसतं आणि म्हणून ते सुरक्षित असतं. कार्यकारिणीने माना डोलावल्या. बदल आपोआप होतील, कुणाला कुठे जावं लागणार नाही, काही बघावं लागणार नाही. डोळे मिटून विश्वास ठेवा, असं तो म्हणाला आणि अध्यक्षांनी तसे मिटलेही. ठराव एकमताने पास झाला. भावोजींना कळवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. पण आधी मला त्यांनी बोलावलं होतं, झाडलेलं निवडायला, आणि तिथे जाऊन मी ठरावाचा विषय काढला नाही.

झाडलेलं निवडणं म्हणजे काय, तर आम्ही तिघांनी बाकावर ओळीने बसायचं. भावोजी एकेक फाइल उघडणार आणि विचारणार, कुणाचं? ज्याचं असेल त्याने हात वर करायचा. यंत्राला कळणार नाही, मला कळणार नाही, ज्याचं त्यालाच कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि या एका बाबतीत ते खरं होतं. किती दुपारी आम्ही बसलो ते मोजलं नाही. अध्यक्षांचे मिटलेले डोळे आले, मी हात वर केला. परत आले, परत केला. पुढे पुढे अध्यक्ष दिसले की कांबळे बाईच हात वर करू लागल्या. त्यांच्या अभ्यासिकेतली मुलं आली, एकेक, निकालाच्या दिवशी काढलेली, आणि बाई प्रत्येकाचं नाव घेऊन तो आता कुठे लागला आहे ते सांगत गेल्या. पास्कल ते मन लावून ऐकत होता. एक मुलगा आता बँकेत आहे म्हटल्यावर त्याने टाळीसुद्धा दिली. मग आवाज सुरू झाले. ट्रंपेटचे पुष्कळ होते. पास्कल मान हलवायचा. हा मी वाजवलाय, हा पण मीच, हा मी पण त्या दिवशी सर्दी होती. आम्हाला सगळं सारखंच वाटत होतं, तो श्वासावरून ओळखत होता. नणंद चहा ठेवून खाली गेली नाही, जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच बसून राहिली.

आणि मग एक आवाज सुरू झाला ज्याच्या मागे डंक नव्हता. बाकी सगळ्यांच्या मागे खालची धाडधाड होती, याच्या मागे शांतता. ती चाल सुरू झाली. पास्कलने हात वर केला नाही. पहिल्या सुरालाच त्याला कळलं होतं हे आम्हाला दिसत होतं, पण तो बाकाची कड धरून बसून राहिला. भावोजींची विचारायची हिंमत झाली नाही. सूर लांबत गेला, विरत गेला, आणि शेवटी माझी नणंद शिंकली, यंत्रातली. पायरीवरची खरी नणंद तोंडावर पदर दाबून रडत होती. तेव्हा पास्कल म्हणाला, “हाच.” मग त्याने खिशातून रुमाल काढून भावोजींना दिला, कारण भावोजी सर्व्हरच्या फडक्याने डोळे पुसायला निघाले होते, आणि त्या फडक्यात सबंध हंगामाची मिरची होती.

प्रार्थनेच्या दिवशी चर्चच्या अंगणात मी गेले होते. ती चाल वाजली, शिंक आली, आणि लाल कोटातले सगळे बँडवाले एकदम हसले आणि मग एकदम गप्प झाले. भावोजी मागे भिंतीला टेकून उभे होते. तिथेच मी त्यांना आमच्या ठरावाचं सांगितलं. ते म्हणाले, बरं केलंत. रागावले नाहीत याचाच मला राग आला. दोनच दिवसांनी ते गिरगावात आमच्या घरी स्वतः आले आणि माझ्या हातात मसाल्याचा एक स्टीलचा डबा ठेवला. वर मालवणी मसाला, आणि आत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक पेनड्राइव्ह. “तुमचं झाडलेलं. आपल्याकडे कुणाचं ठेवत नाहीत,” म्हणाले, आणि या वेळी जेवूनही गेले.

रात्रीची भांडी आवरायच्या आधी मी तो पेनड्राइव्ह लावून पाहिला. आमच्या सूचना होत्या, दिवाळी अंक होते, अध्यक्ष होते, डोळे मिटून. आणि सगळ्यांच्या शेवटी आमचं नसलेलंही थोडं होतं. निकालाच्या दिवशीची कांबळे बाईंची दोन मुलं, लाल कोटातला एक घोळका, आणि ती चाल. मी लगेच भावोजींना फोन लावला आणि सांगितलं की यात दुसऱ्यांचंही आलंय, परत पाठवू का? ते म्हणाले, “येतंच थोडं, वहिनी. डंक एकच होता ना.”

आता आमची वेबसाइट ढगात आहे. अधूनमधून मला इंग्रजीत निरोप येतो की आपली वेबसाइट यशस्वीपणे अद्ययावत झाली आहे. कुणी केली, समोर कोण बसलं होतं, काही कळत नाही. तक्रार करण्यासारखं काहीही घडत नाही, आणि माझ्यासारख्या बाईला त्याचाच फार त्रास होतो. लाल कोटवाले एकदाही मंडळात आलेले नाहीत. कुणाचं काही आमच्यात येत नाही आणि आमचं कुणात जात नाही.

यंदाच्या मे महिन्यात मी बाजारातून बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या आणल्या, गच्चीवर वाळवल्या, भाजल्या, ठसक्याने शेजाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि पिशवी घेऊन लालबागला गेले. धाकट्या भावाने मला पत्र्याचा बिल्ला दिला. मी खाली, बायकांच्या रांगेत, नाकाला पदर लावून बसले. जिन्यावरून भावोजी डोकावले. म्हणाले, वहिनी, इथे काय करता, वर या, बाई आणि पास्कल आलेत, बाकावर जागा आहे. मी म्हटलं, “आधी माझं होऊ दे. समोर बसावं लागतं.” ते वर गेले. मग वरून फडकं झटकल्याचा आवाज आला, एकदा आणि लगेच परत एकदा. तास काही अजून झाला नव्हता.